टोपीबाईची घट्ट वेणी

बिस्किटांच्या कारखान्यात बाईमाणसाला आत जायचं तर आधी टोपीबाईच्या हाताखालून जावं लागे. फाटकावर पहारेकरी होता, पण तो ओळखपत्र बघायचा आणि जांभई द्यायचा, एवढंच. खरी तपासणी आत, कपडे बदलायच्या लांबट खोलीत व्हायची. एका भिंतीला लोखंडी कपाटं, दुसऱ्या भिंतीला नळांची रांग, मधे एक बाकडं आणि बाकड्यामागे टोपीबाई उभी. ठेंगणी, रुंद मनगटांची, बोलणं मोजकं. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ती टोपीबाईच होती.

नियम तिचाच. आलेल्या बाईने आधी नळाखाली डोकं धरायचं, केस निथळून घ्यायचे आणि मग तिच्याकडे पाठ करून बाकड्यावर बसायचं. ओला केस उडत नाही, चापून बसतो, हे तिचं शास्त्र. मग बारीक दातांच्या फणीने ती सगळे केस मागे ओढायची, इतके की समोरचीच्या भुवया वर चढायच्या. वेणी घालून तिचा अंबाडा आवळायचा, वर जाळी, जाळीवर कापडी टोपी, की झाली बाई आत जायला मोकळी. "टोपीबाईने बांधलं की नवऱ्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही," एक जाडी हसरी बाई रोज म्हणायची, "कपाळाला आठीच पडत नाही मेली."

"हसा," टोपीबाई म्हणायची. "पट्ट्यावर केस सापडला की रडाल."

आणि ते खरंच होतं. कुणी केसाने गळा कापला, असं आपण म्हणतो. तिथे केसाने पोट कापलं जायचं. पट्ट्यावरून बिस्किटं सरकत यायची, दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून ती डब्यांत भरायच्या, आणि एखाद्या डब्यात केस निघाला की त्या पट्ट्यावरच्या बायकांची चौकशी लागायची. कुणाचा केस ते ठरलं की त्या बाईला दुसऱ्या दिवशी यायची गरज नसायची. टोपीबाईच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं तसंच झालं होतं.

तेव्हा दोघी बहिणी एकाच पट्ट्यावर होत्या आणि टोपीबाईला अजून कुणी टोपीबाई म्हणत नव्हतं. ताईचे केस गुडघ्यापर्यंत. धुऊन ती उन्हात बसली की शेजारच्या बायका काहीतरी निमित्त काढून अंगणात यायच्या. असा लांब केस डब्यात निघाल्यावर तो कुणाचा, हे ठरवायला चौकशी कशाला हवी? ताई घरी बसली. पुढे काही वर्षांनी ती आजारी पडली, आजारपणात ते सगळे केस उशीवर उतरले, आणि मग तीही गेली. मागे राहिली एक लहान मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला सगळे चिमी म्हणायचे. बाप दुसरा संसार मांडून मोकळा झाला. टोपीबाईचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं होतं. तिने पोरीला उचलून आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि आल्या-गेल्याला ठणकावून सांगितलं, "हिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही मी."

चिमीचे केस आईवर गेले होते. शाळेत जायला लागल्यापासून रोज सकाळी टोपीबाई तिला आपल्या दोन पायांच्या मधे बसवायची, केस ओले करायची आणि कारखान्यातल्यासारखीच घट्ट वेणी घालायची. घट्ट वेणीने केस वाढतात, असं तिला तिच्या आईने सांगितलं होतं. तिच्या आईलाही कुणीतरी सांगितलंच असणार. चिमीच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण ती हूं की चूं करायची नाही. टोपीबाईला वाटायचं, पोरगी गुणाची आहे.

एरवी टोपीबाई दिवसभर पायांवर उभी असायची आणि घरी आली की भिंतीकडे बघत चहा प्यायची. लाड करणं तिला कधी जमलं नाही. पण वेणी घालताना मात्र तिची जीभ सुटायची. "तुझी आई पोहायला गेली की केसांच्या भारामुळे तिला वर ओढून काढायला लागायचं." "तुझी आई एकदा झोपली असताना मी तिची वेणी खाटेच्या पायाला बांधली होती, मग मार कुणी खाल्ला विचार." अशा एकेक गोष्टी फणीबरोबर निघायच्या. वेणी घालून झाली की गोष्ट संपायची, अर्धी राहिली तरी.

शिक्षण आटोपून चिमीही कारखान्यात लागली. आता घरातली वेणी कारखान्यातल्या बाकड्यावर गेली, एवढाच फरक. सगळ्यांत शेवटी तिचा नंबर लावायचा, म्हणजे तिच्यासाठी जरा जास्त वेळ मिळायचा, ही टोपीबाईची एकुलती एक मेहेरनजर.

केस गळतात ही तक्रार कारखान्यात जुनीच होती. बायका टोप्या उलट्या करून दाखवायच्या, आत केसांचा गुंता. सगळं खापर पाण्यावर फुटायचं. गावाच्या पाण्यात खार आहे, टाकी धुतलेली नाही, पाणी कुठून येतं देवाला माहीत. बायकांनी एकदा अर्जही केला, टाकी धुऊन झाली, केस गळायचे ते गळतच राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. टोपीबाईही पाण्यालाच बोल लावायची. तिचे स्वतःचे केस दोन्ही कानशिलांवरून मागे सरकले होते, पण तिने ते वयाच्या नावावर टाकलं होतं.

मग चिमी घरातही डोक्याला रुमाल बांधून वावरायला लागली. टोपीबाईला आधी वाटलं, पोरगी प्रेमात पडली आणि हे काहीतरी नवीन फॅड आहे. मग पाहिलं तर वेणी झाली की ती कानांपाशी केसांच्या दोन बटा मुद्दाम पुढे ओढून काढते. एका सकाळी बाकड्यावर टोपीबाईने त्या बटा बोटांनी मागे घेतल्या. "झिपऱ्या नकोत इथे, जाता-येताना काय करायचं ते कर," असं म्हणता म्हणता तिने खाली वाकून पाहिलं आणि तिचा हात थांबला. बटांखाली केसच नव्हते. कपाळ कानांपर्यंत गेलं होतं.

"हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस कुठे," चिमी म्हणाली. चिडून नाही, साधंच.

त्या दिवसापासून टोपीबाईने कंबर कसली. तिला जे ठाऊक होतं ते तिने सगळं केलं, आणि करायला नको होतं नेमकं तेच केलं. रोज संध्याकाळी कढत तेल, वर नखांनी खरवडून मालिश, "रक्त खेळलं पाहिजे" म्हणून. कांद्याचा रस झाला, अंडं झालं, दुकानदाराने गळ्यात मारलेली एक हिरवी बाटली झाली. डोक्यावरून कढत पाणी ओतून ती सगळी घाण धुऊन काढायची, आणि मग केसांना आधार हवा म्हणून वेणी आणखी घट्ट. करायला गेली एक आणि झालं भलतंच. फणीत रोज मुठीएवढे केस यायला लागले. टोपीबाई ते गोळा करून पदरात लपवायची, जसं काही चिमीला ते दिसणारच नव्हतं.

तिला दुसरं काही दिसेना, ताईची ती उशी तेवढी दिसे. ताईचं मागे राहिलेलं असं एवढंच होतं, पोरीच्या डोक्यावरचं, आणि तेही तिच्या डोळ्यांदेखत जात होतं. ती घाबरली होती. आयुष्यात इतकी कधी घाबरली नव्हती. शेवटी कामावरून सुट्टी घेऊन ती चिमीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

दवाखान्याच्या बाकावर अर्धा दिवस गेला. कातडीच्या डॉक्टरीणबाई प्रौढ होत्या, दमलेल्या होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी चिमीचा रुमाल सोडवला, भिंग घेतलं आणि दिवा जवळ ओढून केसांची मुळं बघत राहिल्या. मग आजारपणाचं विचारलं, खाण्यापिण्याचं विचारलं, झोपेचं विचारलं. टोपीबाई मधेच म्हणाली, "आमच्याकडचं पाणी खारट आहे हो."

"असू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केस कोण बांधतं?"

टोपीबाईने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात चिमी म्हणाली, "मीच."

"ओले बांधतेस?"

"हो. ओले. घट्ट. कामावर तसंच लागतं."

पोरीने आयुष्यात कधी स्वतःची वेणी घातली नव्हती. ती खोटं का बोलली, हे कळायला टोपीबाईला क्षणभरही वेळ लागला नाही. जिला काही माहीतच नाही, ती असं खोटं बोलत नाही. केस कशाने जातात ते चिमीला ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. ओला केस नाजूक असतो, ताणला की लांबतो आणि तुटतो. रोज त्याच जागी ओढ बसली की मूळ दमतं, आणि वर्षानुवर्षं दमलेलं मूळ एक दिवस मरतं. दिवसाला थोडे केस सगळ्यांचेच गळतात, त्याला घाबरायचं नसतं; पण असे एकाच रेषेत कपाळापासून मागे हटत गेले, तर ते ओढल्यामुळे. त्यांनी भिंगाखालच्या जागेवर बोट ठेवलं. "इथे पुढे बारीक लव आहे. आज ओढणं थांबलं तर इथले बरेचसे परत येतील, वेळ लागेल. पण कानांजवळ कातडी गुळगुळीत झालीये. तिथे मी खोटी आशा दाखवणार नाही."

"मग तेल कुठलं लावू?" टोपीबाईने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"आवडत असेल ते लावा, पण थोडं, आणि बोटांच्या पेरांनी. नखं नकोत. टोपीखाली घाम येतो, म्हणून डोकं वेळेवर धुवायचं, कोमट पाण्याने. केस वाळल्याशिवाय फणी लावायची नाही. मोठ्या दातांची घ्या, आणि आधी खालची टोकं सोडवून मग वर यायचं. भांग बदलत राहा. वेणी सैल." मग त्या चिमीकडे बघून म्हणाल्या, "औषध देते, पण औषधाच्या आधी हात थांबव."

दोघी घरी आल्या. चिमीने दार उघडलं, चहा ठेवला. टोपीबाई चपला न काढता खुर्चीवर बसून राहिली.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हं."

"कधीपासून?"

"दुखायचं ना, मावशी. लहानपणापासून दुखायचं. पुढे पुढे रात्रीही ठणकायचं. जिथे जास्त दुखायचं तिथलेच गेले. त्यात न कळण्यासारखं काय आहे."

"मग बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

चिमीने गॅस बारीक केला. "तू वेणी घालताना आईचं सांगायचीस," ती म्हणाली. "एरवी कधीच नाही. मला वाटायचं, मी नको म्हटलं तर तेही बंद होईल."

टोपीबाईला रडू येत नसे; ताईच्या वेळीही आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र ती चहा समोर ठेवून रडली, आणि पोरीने तिला रडू दिलं. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी टोपीबाई रोजच्या वेळेआधी खोलीत आली आणि तिने नळांची मुख्य चावी बंद केली. बायका आल्या, नळ फिरवून बघायला लागल्या. "पाणी गेलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"पाणी आहे. मी बंद केलंय. आजपासून कुणी डोकं भिजवायचं नाही." आणि पहिली बाई सवयीने पाठ करून बसली, तेव्हा तिला खांद्याला धरून तिने आपल्याकडे वळवलं. इतकी वर्षं या बायकांच्या पाठी आणि मानाच तिने पाहिल्या होत्या, कपाळं तिच्या हातांनीच टोपीखाली गेली होती. त्या सकाळी तिने एकेकीचं कपाळ पाहिलं. जाडी हसरी बाई वळली, तिने स्वतःच केस बाजूला केले आणि त्या दिवशी तिला काही विनोद सुचला नाही.

"हे पाण्याने नाही," टोपीबाई म्हणाली. तिने आपली टोपी काढून आपली कानशिलं सगळ्यांना दाखवली. "हे माझ्या हाताने झालंय."

मग मागून एकीने विचारलं, "पण बाई, सैल बांधलं आणि पट्ट्यावर केस निघाला तर? आमच्या पोटावर पाय येईल."

प्रश्न बरोबर होता. टोपीबाईइतका तो कुणालाच कळत नव्हता. ती सुपरवायझरकडे गेली. तो तिच्याहून पुष्कळ लहान होता आणि तिला थोडा बिचकून असायचा. तिने मागितलं ते एवढंच: एकाऐवजी दोन जाळ्या, बारीक विणीच्या, आत शिरायच्या आधी खांद्यांवरून चिकटपट्टीचा रोलर फिरवायला एक बाई, आणि घामाने भिजलेली टोपी मधल्या सुट्टीत बदलायला मिळावी.

"बाई, तुम्हीच तर घट्ट बांधायचा नियम केलात," तो म्हणाला.

"केला. आता मीच मोडतेय."

"आणि केस सापडला तर?"

"तर त्या बाईला बोलावू नका. मला बोलवा. बांधते मी."

जाळ्या आल्या, पण लगेच नाही, आणि रोलरला बाई मिळाली नाही, तेव्हा तेही काम टोपीबाईच्याच अंगावर पडलं. बायकांपैकी निम्म्या सुरुवातीला चोरून डोकं भिजवूनच यायच्या. सवय वाईट असते आणि भीती तिच्याहून वाईट. टोपीबाई त्यांना हाकलायची नाही, भिंतीशी उभं करून पंख्याखाली केस वाळवायला लावायची. बायका आत गेल्या की ती पट्ट्यापाशी जाऊन बंद होणारे डबे न्याहाळायची. रोज, न चुकता. ती सवय पुढेही कधी पूर्ण गेली नाही.

चिमीने मात्र एके दिवशी कुणाला न विचारता केस मानेपर्यंत कापून घेतले. घरी येऊन टोपीबाईपुढे उभी राहिली. टोपीबाईने बघितलं. ताई गेली ती त्या दिवशी पुन्हा एकदा गेली, असं तिला वाटलं. पण ती म्हणाली एवढंच, "डोकं हलकं वाटत असेल."

"वाटतंय."

पुढच्या बाजूला बारीक केस यायला लागले होते, उभेच्या उभे, मऊ. कानांजवळची जागा तशीच राहिली, गुळगुळीत, आणि ती तशीच राहणार होती. चिमीने त्यावर बटा ओढणं सोडलं होतं. पण घरात एक प्रकारची शांतता आली होती आणि दोघींनाही ती बोचत होती. बांधायला वेणीच नव्हती. टोपीबाई संध्याकाळी भिंतीकडे बघत चहा प्यायची, आणि तिच्या हातांना काय करावं ते कळायचं नाही.

एका संध्याकाळी चिमी आली, फरशीवर बसली आणि जुन्या सवयीने तिच्या दोन पायांच्या मधे सरकली, पाठ तिच्याकडे करून.

"आता काय बांधू?" टोपीबाई म्हणाली.

"काही नको बांधूस. आईचं सांग."

टोपीबाईने हात मांडीवर ठेवले. मग उचलले आणि बोटांची पेरं हलकेच पोरीच्या डोक्यावर टेकली, डॉक्टरीणबाईंनी सांगितली तशी, नखं न लागू देता. खूप गोष्टी सांगून झाल्या होत्या. पोहण्याची, खाटेच्या पायाची. एक तेवढी तिने कधी सांगितली नव्हती. ती कुणालाच सांगितली नव्हती.

"तुझ्या आईच्या डब्यात केस निघाला ना," ती म्हणाली, "त्या सकाळी तिची वेणी मी घातली होती. रोज मीच घालायचे. त्या दिवशी ती म्हणाली, आज सैल घाल गं, डोकं फार दुखतं रोज. मी सैल घातली. एक दिवस. आणि त्याच दिवशी तिचं काम गेलं."

टोपीबाईची बोटं तिच्या डोक्यावर हळूहळू फिरत होती.

"म्हणून मग मी पुन्हा कधी कुणाची सैल घातली नाही," ती म्हणाली. "कुणी कितीही सांगितलं तरी. तू रडायचीस तरी."

"आई काय म्हणाली तुला? घरी येताना?"

टोपीबाईला ते आठवायला वेळ लागला नाही. ते तिने रोज ऐकलं होतं आणि रोज मागे सारलं होतं. कारखान्यापासून घरापर्यंतचा तो रस्ता, ताईच्या हातात कामाचे कपडे गुंडाळलेले, आणि ती स्वतः मागे मागे चालत, रडण्याचंही धाडस न करता. अर्ध्या रस्त्यात ताई थांबली होती, तिने वळून बघितलं होतं.

"म्हणाली, 'रडू नकोस गं. आज दिवसभर माझं डोकं नाही दुखलं.'"